शेवटचा आकडा सोडून बाकीचे रकाने

आज अख्खी दुपार घरपट्टीच्या नोंदीत गेली. नावाने शोधलं तर काहीच सापडेना. मालमत्ता क्रमांक टाकला आणि घर लगेच हजर! (नावात एक वेलांटी चुकलेली, दुसरं काय.) कराचा दर गेल्या वर्षीचाच, वाढलंय ते करपात्र मूल्य. का? तर क्षेत्रफळाच्या रकान्यात उघडी गच्चीसुद्धा बांधकाम म्हणून धरलेली. इतकी वर्षं मी नुसता शेवटचा आकडा बघून पैसे भरतोय! टेप काढून गच्ची मोजली, दुसरं टोक मुलीने धरलं. मंजूर नकाशा शेजारी ठेवून हरकतीचा अर्ज लिहिलाय. मुदतीला चार दिवस उरलेत. उद्या सकाळीच देऊन पोच घेतो.