वॅगनची वही

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात धान्याच्या एका एलिव्हेटरवर, म्हणजे शेतकऱ्यांचं धान्य साठवून रेल्वेत भरणाऱ्या कोठारावर, मी वजनकाटा सांभाळतो. जानेवारीतली गोष्ट, बाहेर उणे ३४. एवढ्या थंडीत ब्रेकमधली हवा टिकत नाही म्हणून रेल्वे गाड्या आखूड करते आणि आमच्या वाट्याच्या वॅगन मागे राहतात. दुसरा आठवडा चालू होता, कोठ्या गच्च. शेतकऱ्यांना फोन करून 'गहू आणू नका' सांगायचं, एवढंच काम. शिव्या अर्थात मला.

तरी एक म्हातारा ट्रक भरून आलाच. जागा नाही म्हटल्यावर भडकला नाही. म्हणाला, "वहीत नाव तरी लिही. मदरवेलनं उगाच भांडून मिळवली का ती वही?"

कोण मदरवेल? मला वाटलं, कुणी जुना मॅनेजर.

काट्याच्या खोलीत कॉफी पीत त्यानं सांगितलं. विल्यम मदरवेल, ग्वेल्फच्या कृषी महाविद्यालयात शिकलेला. १८८२ मध्ये ब्रँडनपर्यंत रेल्वेनं आणि पुढे बैलगाडीनं येऊन ॲबरनेथीला त्यानं माळ फोडला. १९०१ साली गहू अमाप पिकला आणि न्यायला वॅगनच मिळेनात. ज्या येत त्या आधी एलिव्हेटर कंपन्यांना. (म्हणजे तेव्हाचा खलनायक मीच!) डिसेंबरात इंडियन हेड गावात त्यानं आणि पीटर डेमननं शेतकऱ्यांची संघटना उभी केली. कायदा बदलून घेतला: स्टेशनवर वही, ज्याची नोंद आधी त्याला वॅगन आधी. १९०२ मध्ये सिंटालुटाच्या स्टेशन एजंटनं क्रम डावलला, तर संघटनेनं त्याच्यावर खटला भरला आणि जिंकला. निकाल सुप्रीम कोर्टातही टिकला. १९०५ मध्ये सस्कॅचेवान प्रांत झाला, त्याचा पहिला कृषिमंत्री हाच मदरवेल. १९१८ पर्यंत.

मंत्रिपदाचं मला विशेष वाटलं नाही, आपल्याकडे शेतकरी म्हणवणारे मंत्री काय कमी आहेत? पण ती वही डोक्यातून जाईना. ऊसतोडीसाठी चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे फिरणारे वडील आठवले. कारखान्याच्या कागदावर लागणीच्या तारखेप्रमाणे पाळी, फडात मात्र ओळखीप्रमाणे.

म्हातारा गेल्यावर मी टेबलावरची कोरी डायरी ओढली. एक नंबरला त्याचं नाव टाकलं. मग फोन येतील तसे बाकीचे.

चौथ्या दिवशी वॅगन लागल्या. मॅनेजर म्हणाला, आधी अमक्याला बोलव, जुना माणूस आहे. डायरीत तो नववा होता. मी म्हाताऱ्याचा नंबर फिरवला.