मेंदूच्या गाठीत हर्पिसचा विषाणू: जी४७डेल्टा

ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाची गाठ सर्जनने कितीही सफाईने काढली, तरी तिच्या पेशी आसपासच्या मेंदूत आधीच पसरलेल्या असतात. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध देऊनही ती बहुधा उलटतेच. अशा गाठीत थेट विषाणू टोचायला जपानने जून २०२१ मध्ये मान्यता दिली, तीही सशर्त आणि सात वर्षांपुरती. औषध डेलिटॅक्ट, त्यातला विषाणू जी४७डेल्टा, टोकियो विद्यापीठातल्या तोमोकी तोदो यांच्या गटाने पुढे आणलेला.

मूळचा हा ओठांवर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स १. विषाणू आत शिरला की निरोगी पेशी प्रथिनं बनवणंच थांबवते. हा बंद मोडणाऱ्या गॅमा ३४.५ जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या आहेत. आयसीपी६ हे दुसरं जनुक निकामी केलंय, त्यामुळे डीएनएचा कच्चा माल विषाणूला स्वतः बनवता येत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशीत तो आयता मिळतो, न्यूरॉनमध्ये मिळत नाही. तिसरं अल्फा ४७. हे जनुक बाधित पेशीला टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिकांच्या, नजरेआड ठेवतं. ते काढलं की गाठ त्यांना दिसू लागते. माझ्या मते पेशी फोडण्यापेक्षा हेच जास्त मोलाचं. थायमिडीन कायनेजचं जनुक मात्र शाबूत ठेवलंय. हर्पिसवरचं औषध असायक्लोव्हिर त्याच्यावरच अवलंबून असतं, म्हणजे विषाणू हाताबाहेर गेलाच तर ते लागू पडावं.

एक डोस १ मिलिलिटरचा, त्यात १०० कोटी संसर्गक्षम विषाणू. स्टीरिओटॅक्टिक पद्धतीने जागा ठरवून सुईने गाठीत सोडतात. पहिल्या दोन डोसांत ५ ते १४ दिवसांचं अंतर, पुढचे साधारण चार आठवड्यांनी, जास्तीत जास्त सहा. दर वेळी मेंदूत सुई जाते, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका दर वेळी नव्याने असतो. ताप बहुतेकांना येतोच.

फसगत होते ती एमआरआयवर. टोचलेल्या जागी कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलेलं द्रव्य) फिका पडतो, पण गाठ एकूण फुगलेली दिसते. ही सूज बरीचशी प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याची असते. तिला वाढ समजलं तर उपचार अर्ध्यात थांबतो. सूज उतरवायला स्टेरॉइड द्यावं, तर तो हल्लाही मंदावतो. म्हणून लागेल तेवढंच द्यायचं.

आता पुराव्याकडे. जी४७डेल्टाच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत रुग्ण फक्त १९. वर्षभर जगले ८४.२ टक्के, पण तुलनेला समांतर गट नव्हता. तुलनेला जुन्या चाचण्यांवरून काढलेला, वर्षभर जगणाऱ्यांचा १५ टक्क्यांचा आकडा धरला होता. तोका ५११ हा अशाच गाठींवर वापरून पाहिलेला वेगळ्या जातीचा विषाणू, तोही सुरुवातीला असाच आशादायक वाटला होता. पुढे ४०३ रुग्णांच्या चाचणीत त्या गटाचं मध्यक आयुर्मान ११.१ महिने भरलं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं १२.२.