गंधक हातात घेऊ नका, प्लीज

माझा गंधकाचा पहिला चांगला क्रिस्टल मीच घालवला. पाडला नाही की आपटला नाही, नुसता मुठीत धरून खिडकीपाशी गेलो, उजेडात बघू म्हटलं, तर आतून बारीक कट् कट् असा आवाज आला, आधी वाटलं माझीच बोटं मोडली की काय. उघडून बघतो तर लिंबाच्या गोळीसारख्या स्वच्छ पिवळ्या स्फटिकात आडवी चीर.

कारण अगदी साधंय. गंधकातून उष्णता जवळजवळ सरकतच नाही, मग हाताच्या उबेने वरचा थर फुगतो, आतला थंडच राहतो आणि त्या ओढाताणीत क्रिस्टल तडकतो. त्यात कडकपणा मोह्स स्केलवर जेमतेम १.५ ते २.५, म्हणजे नखानेसुद्धा ओरखडा उठू शकतो. तळहाताच्या फोडासारखं जपायचं म्हणतात ना, हा दगड तसा जपायचा, फक्त तळहातावर सोडून!

आता मी मॅट्रिक्सला, म्हणजे क्रिस्टल ज्या खडकावर चिकटलेला असतो त्याला धरूनच उचलतो. गरम पाणी नाही, अल्ट्रासॉनिक क्लीनर नाही, शोकेसमध्ये तापणारा बल्ब नाही, ऊन तर नाहीच. आणि चांदीचा नमुना शेजारी ठेवू नका, काळा पडतो. वासाचं विचाराल तर शुद्ध गंधकाला जवळपास वास नसतोच, सडक्या अंड्याचा जो वास म्हणतात तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा.

सिसिलीतल्या अग्रिजेंतोकडचे पीस हा माझा वीक पॉइंट. ते ज्वालामुखीतून आलेले नाहीत हे कळलं तेव्हा मी उडालोच होतो. साधारण ६० लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र आटत गेला, जिप्समचे थर साचले, नंतर त्यातलं सल्फेट वापरून बॅक्टेरियांनी हायड्रोजन सल्फाइड केला आणि त्याचं पुढे गंधक झालं, म्हणून तिथल्या पीसवर सोबतीला पांढरा अ‍ॅरागोनाइट किंवा सेलेस्टाइन हे खनिज दिसतं. पिवळ्यावर पांढरं काय दिसतं राव! तिथल्या खाणी कधीच बंद झाल्यात, पेर्तिकारा ही इटलीतलीच दुसरी नावाजलेली खाण तर १९६४ लाच, त्यामुळे बाजारात फिरतो तो बहुतेक जुन्या संग्रहांतला माल. बोलिव्हियाच्या एल देसिएर्तो खाणीतले पीस भडक पिवळे, झकास असतात, पण मला सिसिलीच.

घेताना आकार बघा. नैसर्गिक क्रिस्टल बहुतेकदा दोन पिरॅमिड बुडाला बुड लावून चिकटवल्यासारखा असतो. लांब सुयांचा गुच्छ दिसला तर शंका घ्या. वितळवलेलं गंधक थंड होताना तशा सुया येतात, पण तो प्रकार ९५.५ अंशांच्या खाली टिकत नाही, हळूहळू आतून बदलतो आणि सुया धुरकट होतात. मला एकाने असा गुच्छ "खाणीतला" म्हणून विकलाय, तो अजून ड्रॉवरमध्ये पडलाय.

तडकलेला मात्र वरच्या कप्प्यात आहे. तिरक्या उजेडात त्या चिरेत इंद्रधनुष्य दिसतं, हात न लावता बघायचं.