तुम्ही विचारलंत म्हणून: नेहरूंवर राग आहे का?

अठरा जून, म्हणजे गोवा क्रांतिदिन, किंवा एकोणीस डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. "सर, तुमचा नेहरूंवर राग आहे की नाही, एकदा काय ते सांगून टाका." फोंड्याच्या बाजारात भाजी-पाव खाताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, जुने विद्यार्थी तर रात्री फोन करून विचारतात. विचारणाऱ्यांचे तट दोन. एका तटाला वाटतं मी नेहरूंवर पांघरूण घालतो, कारण भारत १९४७ ला स्वतंत्र झाला आणि गोवा पोर्तुगीजांच्या हातून १९६१ ला सुटला, ती 'चौदा वर्षं त्यांच्यामुळे फुकट गेली' हे वाक्य माझ्या भाषणात येत नाही. दुसऱ्याला वाटतं सर आता 'त्यांच्यात', म्हणजे नेहरूविरोधकांत गेले, कारण भारताने केलेल्या गोव्याच्या नाकेबंदीचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. हायस्कुलात इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, एका वाक्यात उत्तर द्यायची सवय राहिलेली नाही. तेव्हा जरा बसा.

राग आहे. तुम्ही समजता त्या कारणासाठी मात्र नाही.

आधी कचरा बाजूला काढू. मोबाइलवर जे फिरतं ते कृपा करून मला पाठवू नका. बाईला मिठी मारणारे नेहरू म्हणून जो फोटो येतो, त्यातली बाई त्यांची सख्खी बहीण विजयालक्ष्मी पंडित आहे. भावाने बहिणीला जवळ घेतलं म्हणून गोवा उशिरा मुक्त झाला, असं कुणाला वाटत असेल तर त्याला काय शिकवणार? नेत्याच्या स्वभावावर बोलूच नये असं मात्र मी म्हणत नाही. बोलावंच. त्याचा हट्ट, त्याचं स्वतःच्या प्रतिमेवरचं प्रेम, कुणाचं ऐकून घेतो आणि कुणाला उडवून लावतो, या सगळ्याची किंमत शेवटी लोक मोजतात. नेहरूंचा स्वभाव गोव्याच्या प्रश्नात पावलोपावली दिसतो. फक्त तो बघायला १९५५ साल उघडावं लागतं, आणि तेवढे कष्ट फोटो पुढे ढकलणाऱ्याला नको असतात.

आता चौदा वर्षांचा हिशेब. फेब्रुवारी २०२२ मध्ये, गोव्याच्या मतदानाला आठवडाही उरला नसताना, पंतप्रधान मोदी राज्यसभेत या विषयावर बोलले. नेहरूंना जगातल्या आपल्या प्रतिमेची काळजी होती, म्हणून गोवा पंधरा वर्षं गुलामीत राहिला, असा त्यांचा रोख होता. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नाची धार वाढली आहे. मतदानाच्या तोंडावर बोलले म्हणून ते खोटं होत नाही, पंतप्रधान बोलले म्हणून पूर्ण खरंही होत नाही. प्रतिमेचा मुद्दा मला पटतो, वर्षांचा हिशेब पटत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादला फौज गेली, मग गोव्याला का नाही, असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण निजामाच्या पाठीशी कुठला लष्करी करार नव्हता. पोर्तुगाल १९४९ मध्ये नाटोच्या संस्थापकांत जाऊन बसला होता. काश्मीरचं घोंगडं युनोत भिजत पडलेलं. आणि १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रेंचांनी वाटाघाटी करून पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती दिला. समोर असं उदाहरण असताना लिस्बनही आज ना उद्या ऐकेल असं वाटणं वेडेपणाचं नव्हतं. इथपर्यंत मी नेहरूंच्या बाजूने उभा राहीन, कुणीही वाद घालावा.

१५ ऑगस्ट १९५५ नंतर मात्र नाही.

त्या दिवशी लाल किल्ल्यावरून नेहरू सांगत होते की गोव्यासाठी लष्करी कारवाई होणार नाही. त्याच दिवशी पत्रादेवीला आणि सीमेवरच्या इतर वाटांनी देशभरातून आलेले सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन आत शिरत होते. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसं मेली. पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल पत्रादेवीला पडला. त्याआधी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन आले होते, पुढे मधू लिमये आले, सगळ्यांनी मार खाल्ला, गोरे-लिमयांनी तुरुंग भोगला. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले. आणि दिल्लीने काय केलं? सत्याग्रह थांबवला, सीमा बंद केली.

माझा राग इथे सुरू होतो, आणि तो नेहरूंच्या बुद्धीवर जास्त आहे, कारण ती त्यांच्याकडे होती. सत्याग्रह कुणावर चालतो? ज्याला आपल्या देशातल्या वर्तमानपत्रांची, पार्लमेंटची, पुढच्या निवडणुकीची थोडी तरी भीती असते त्याच्यावर. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याला यातलं काहीच नव्हतं. हे नेहरूंना कळत नव्हतं असं म्हणायला मला जागाच नाही. १९३६ मध्ये पत्नी गेल्यानंतर रोममार्गे परत येताना मुसोलिनीने भेटीसाठी गळ घातली, ती त्यांनी नाकारली. १९३८ मध्ये स्पेनच्या यादवीत ते बार्सिलोनाला जाऊन आले. तिथे फ्रँकोला मदत करणारा शेजारी सालाझारच होता. त्या काळच्या भारतीय पुढाऱ्यांत फॅसिस्ट राजवट इतकी जवळून ओळखणारा माणूस विरळा. त्याने आपलं शस्त्र वापरणार नाही असं सालाझारला जाहीर सभेत आधीच सांगून टाकावं? वापरू नका हवं तर, पण सांगता कशाला?

यावर एक ज्येष्ठ मित्र मला म्हणाले, "तू आज बोलतोस. तेव्हा जग नेहरूंकडे बघत होतं." तेच तर म्हणतोय. जग बघत होतं, आणि जगाला काय दिसेल याचा हिशेब म्हापशाच्या, पेडण्याच्या माणसाला काय सोसावं लागेल याच्या आधी होत होता. डिसेंबर १९६१ मध्ये फौज पाठवली तेव्हा ज्या अमेरिकेसाठी, इंग्लंडसाठी ही प्रतिमा जपली त्यांनी सुरक्षा समितीत दूषणं दिलीच. रशियाचा नकाराधिकार मिळाला म्हणून निभावलं.

मधल्या सहा वर्षांत आली नाकेबंदी. हिच्याबद्दल भाषणांत कुणी बोलत नाही, बोललं तर टाळ्या मिळत नाहीत. भारताने व्यापार तोडला, रेल्वे बंद झाली, मनिऑर्डरी बंद झाल्या, जायला-यायला परमिट लागू लागलं. हेतू सालाझारची नाडी आवळायचा. आवळली गेली ती आमची. गिरगावात नोकरी करणारा माझा काका दर महिन्याला पैसे पाठवायचा, ते थांबले. घरात दोन म्हाताऱ्या, एक विधवा आत्या आणि शेतीचा एक तुकडा. तिकडे पोर्तुगीज सरकारने हॉलंडहून बटाटे आणले, जपानहून सिमेंट आणलं, दाबोळीला विमानतळ केला, स्वतःची विमान कंपनी काढली. लोह खनिज जपानला जाऊ लागलं, खाणवाल्यांची चांदी झाली, दुकानांत परदेशी माल दिसू लागला. ज्यांचं पोट मुंबईच्या मनिऑर्डरीवर होतं त्यांनी हॉलंडचे बटाटे नुसते बघायचे! सालाझार यात कुठे वाकला असेल तर मला दाखवा.

माझी आत्या नेहरूंचं नाव निघालं की गप्प व्हायची. शिव्या द्यायची नाही. घरात गांधींच्या शेजारी त्यांचा फोटो होता, तोही तिने कधी काढू दिला नाही.

आणि १९६१ मध्ये घडलं ते एकट्या गोव्यासाठी घडलं, असंही समजू नका. त्या वर्षी आंगोला पेटला होता. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिषद भरली, तिथे आफ्रिकेच्या पुढाऱ्यांनी भारताच्या संथपणावर बोट ठेवलं. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळ्या सुटल्या, एक मच्छीमार मेला. शिवाय पुढच्या फेब्रुवारीत लोकसभेची निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींच्या विरुद्ध उभे होते. तेव्हाच्या टीकाकारांनी हे जोडून दाखवलं, त्यात तथ्य नाही असं मला वाटत नाही. पण मुक्ती कुठल्या मुहूर्तावर आली याचा हिशेब मी फार ताणत नाही. आली.

आता दुसऱ्या तटासाठी. "एवढ्या मोठ्या माणसावर टीका शोभते का?" असं विचारता ना, तर नेहरूंनीच ती आधी करून ठेवली आहे. १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'त 'चाणक्य' या टोपणनावाने एक लेख आला. जवाहरलालमध्ये हुकूमशहा होण्याची सगळी लक्षणं आहेत, गर्व आहे, दुसऱ्यांबद्दल असहिष्णुता आहे, याला पुन्हा अध्यक्ष करू नका, असा त्याचा सूर. लिहिणारे स्वतः नेहरूच. आता अशी आत्मटीका करण्यातही थोडा नखरा असतो, हे मी जाणून आहे. आणि ज्याने हा लेख लिहिला त्याच्याच सरकारने १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून बोलण्याच्या हक्कावर नवी बंधनं आणली, हेही पुसता येत नाही. तरी आमच्या दुसऱ्या सत्ताधीशाशी तुलना करून बघा. सालाझारच्या गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे जायची. १७ फेब्रुवारी १९५४ ला म्हापशात एका मेजवानीत कुणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच असं भाषण केलं, तेव्हा डॉ. पुंडलीक गायतोंडे एवढंच म्हणाले, "प्रोतेश्तु", माझा निषेध आहे. त्यांना पकडून थेट पोर्तुगालला नेलं. आणि त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना तर १९४६ मध्ये लष्करी न्यायालयापुढे उभं करून आठ वर्षांची शिक्षा दिली. १९५८ मध्ये ते मुंबईत वारले, मुक्त गोवा बघायला राहिले नाहीत. ही किंमत मोजून आलेला टीकेचा हक्क आहे. तो मोठ्या माणसाची भीड म्हणून मी खिशात घालून ठेवणार नाही, आणि बहिणीच्या फोटोवर उधळणारही नाही.

आमच्याकडच्या जुन्या मराठीवाल्यांच्या रागाची आणखी एक शीर आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. १९४६ मध्ये गोवा म्हणजे भारताच्या चेहऱ्यावरची पुटकुळी, असं नेहरू म्हणाल्याचं सांगतात. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष सत्तेवर आला, तेव्हा "अजीब हैं ये गोवा के लोग" असं म्हणाल्याचंही सांगतात. त्यातलं 'अजीब' आम्ही अजून कौतुकाने मिरवतो, दुकानांच्या गप्पांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत. मला त्यात कौतुक कधी ऐकू आलं नाही. ज्यांच्यासाठी आपण दहा वर्षं धोरण आखलं ते लोक कोण आहेत, देवळातल्या उत्सवात बसणारा कूळवाला कुणाला मत देईल, हे आपल्याला ठाऊक नव्हतं, एवढंच मला त्यात ऐकू येतं. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही, त्या वादात मी आज शिरत नाही. जानेवारी १९६७ च्या सार्वमताने तो निकालात काढला, तेव्हा नेहरू हयातही नव्हते.

माझा खरा राग एका माणसासाठी आहे. आमच्या तालुक्यात सावईवेऱ्याला मोहन रानडे नावाचे माष्टर मराठी शिकवायचे. सांगलीचे. सशस्त्र लढा देणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले, ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला करताना गोळी लागून पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, १९६० मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगात हलवले. १९ डिसेंबर १९६१ ला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा शरण आला आणि तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताच्या ताब्यात आले. मे १९६२ मध्ये ते सगळे सुखरूप मायदेशी गेले. रानडे तिथेच राहिले. गोव्याचे दुसरे स्वातंत्र्यसैनिक तेलो मास्कारेन्हासही तिथेच राहिले.

नेहरूंची बाजू घेणारे सांगतात की सालाझारलाच ते सैनिक परत नको होते. 'जिंका किंवा मरा' असा हुकूम असताना ते शरण गेले, म्हणून त्यांना न्यायलाही त्याने उशीर लावला, मग सौदा कशाच्या जोरावर करणार? मुद्दा वजनदार आहे, मी तो मुलांना शिकवत असे. पण तीन हजार सैनिकांचे आईबाप पोर्तुगालमध्ये वाट बघत होते, आणि हुकूमशहालाही कधीतरी आपल्या गावातल्या आयांना तोंड द्यावं लागतं. दोन नावं पुढे करून अडून बसायचं होतं. नेहरू १९६४ मध्ये गेले तेव्हा रानडे तुरुंगात होते. त्यांच्यासाठी धडपडले ते सुधीर फडके, पोपना गळ घातली ती मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले, मास्कारेन्हास १९७० मध्ये. मुक्त गोव्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, सावईवेऱ्याच्या शाळेत त्यांच्या वेळची मुलं बाप्ये झाली होती.

हे मी दर डिसेंबरला बोलतो. मागे एका कार्यक्रमात आयोजक कानाशी येऊन म्हणाले, "सर, रानड्यांचं जरा आटोपतं घ्या, मंत्री यायचेत, त्यांना नेहरूंवर बोलायचंय."