ऑफिस बंद करायच्या आधीचा फॉर्म : माझा अनुभव

आमच्याच कर्मचाऱ्यांच्या माहितीच्या एका तक्त्यासाठी मी तीन आठवडे थांबले. तो आला तेव्हा आकड्यांच्या जागी बहुतेक रकान्यांत नुसत्या चांदण्या (*) होत्या. आठवलं की अजूनही डोकं फिरतं.

मी इंग्लंडमध्ये एका शहराच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या पालिकेत काम करते. आमचं एका वस्तीतलं छोटं ऑफिस बंद करून सगळं काम शहराच्या मध्यावरच्या मोठ्या इमारतीत न्यायचा प्रस्ताव होता. घरभाड्याची मदत, कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर), दिव्यांगांना गाडी लावायला सवलत देणारा ब्लू बॅज असल्या कामांसाठी लोक तिथे येतात. असा निर्णय घेण्याआधी त्याचा वेगवेगळ्या लोकांवर काय परिणाम होईल, याचा विचार सरकारी संस्थेला करावाच लागतो. इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० चं कलम १४९ तसं सांगतं. वय, दिव्यांगत्व, वंश, धर्म, लिंग, गर्भारपण-बाळंतपण, लैंगिक कल, लिंगबदल आणि विवाह अशा नऊ बाबी कायद्याने धरल्यात. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये असं मूल्यांकन करण्याचे वेगळे नियम आहेत. इंग्लंडमध्ये हा विचार मांडायचा फॉर्म भरलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण विचार केला होता हे उद्या कोर्टात दाखवायचं तर लेखी काहीतरी हवंच. तो फॉर्म माझ्याकडे आला.

वस्तीची माहिती अर्ध्या दिवसात जमली. २०२१ च्या जनगणनेतले वय, भाषा, आजारपण, घरात गाडी आहे की नाही, हे सगळे आकडे वस्तीनिहाय फुकट मिळतात. अडलं ते त्या ऑफिसातल्या आमच्याच ३१ कर्मचाऱ्यांपाशी. त्यांची या नऊ बाबींची माहिती एचआरकडे.

एचआरला ईमेल केला. उत्तरात विनंतीचा एक नंबर आला आणि ‘दहा कामाचे दिवस’ असं आलं. दहा दिवस झाल्यावर कळलं की विनंती चुकीच्या फॉर्मवर केली आहे. नवा फॉर्म भरला, तर त्यावर डेटा-सुरक्षा बघणाऱ्या अधिकाऱ्यांची सही हवी, आणि ते रजेवर. फोन केला की नम्रपणे सांगायचे, ‘रांगेत आहे.’ इकडे निर्णय घेणाऱ्या कमिटीची तारीख पुढे सरकत नव्हती. शेवटी तक्ता आला. नियम असा की कुठल्याही रकान्यात पाचपेक्षा कमी माणसं असली की आकडा झाकायचा. वजाबाकी करून कुणी काढू नये म्हणून शेजारचाही झाकायचा. ३१ जणांचे नऊ बाबींत तुकडे पाडल्यावर उरणार काय? त्यातून बऱ्याच जणांनी ‘सांगायचं नाही’ यावर खूण केलेली किंवा रकाना कोराच सोडलेला.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. एवढ्याशा ऑफिसात बाळंतपणाच्या रजेवर एकच जण असेल, तर आकडा म्हणजे तिचं नावच. राग आला तो पुढच्या वाक्याचा. ‘आकडे नाहीत, मग लक्षणीय परिणाम नाही असं लिहून टाक,’ असं मला सुचवलं गेलं. चांदणी म्हणजे शून्य नव्हे. बहुतेक चांदण्यांमागे एक ते चार माणसं असतात, आणि कायदा त्या एकासाठीही आहे. मी तसं लिहायला नकार दिला. त्याबद्दल मला आजही बरं वाटतं.

मग वेगळा रस्ता धरला. युनियनच्या प्रतिनिधीला आणि टीमच्या मॅनेजरला सोबत घेऊन सगळ्यांना कळवलं की ज्यांना वाटेल त्यांनी वीस मिनिटं बोलायला या, नाव लिहिलं जाणार नाही. ‘तुम्ही कोण’ हे मी कुणालाच विचारलं नाही. इथवर कसे येता, ऑफिस हललं तर दिवसात काय बदलेल, एवढंच विचारलं. चोवीस जण आले. एकीचं खालीवर होणारं टेबल तिच्या पाठीसाठी मंजूर झालेलं, ते नव्या जागी आधी पोचलं पाहिजे, तिच्यानंतर नव्हे. एक जण दुपारची नमाज मागच्या स्टेशनरीच्या खोलीत पढायचे. नव्या इमारतीत तशी जागाच नव्हती. अर्धवेळ काम करणाऱ्या बहुतेक बायका. पावणेतीनला निघून मुलांच्या शाळेच्या फाटकाशी पोचणाऱ्या. एक बस वाढली की ते गणित मोडतं, आणि नियम सगळ्यांना सारखा असला तरी फटका मुख्यतः बायकांना बसतो. कायद्यात यालाच अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. यातलं काहीही तक्त्यात कधी दिसलं नसतं, चांदण्या नसत्या तरीही.

तोच प्रश्न घेऊन मी दोन सकाळी ऑफिसच्या प्रतीक्षाकक्षात बसले. निळ्या खुर्च्यांच्या रांगेत एक गुजराती आजी होत्या, प्लास्टिकच्या पाकिटातला बसपास दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. मी मोडक्या गुजरातीत विचारलं, ‘बा, मोठ्या ऑफिसात बोलावलं तर कशा याल?’ त्यांनी पास उचलून दाखवला आणि म्हणाल्या, ‘बेटा, हा साडेनवाच्या आधी चालत नाही.’ इंग्लंडमध्ये वयस्कर आणि दिव्यांगांचा मोफत पास कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊपासून रात्री अकरापर्यंत चालतो. त्याआधीची सूट द्यायची की नाही ते तिथली कौन्सिल ठरवते. आमच्याकडे ती नव्हती. आणि मोठ्या इमारतीतल्या भेटी नऊला सुरू व्हायच्या.

जुन्या ऑफिसपासून मोठ्या इमारतीपर्यंत नकाशावर अंतर अडीच मैल. मी स्वतः गेले. दोन बस, मध्ये रस्ता ओलांडणं, अडतीस मिनिटं, तेही माझ्या चालीने. म्हणून मैल लिहू नका, मिनिटं लिहा, आणि त्या वेळच्या बसने जाऊन लिहा.

हे सगळं निर्णयाच्या आधी व्हायला हवं. २००८ चा ब्राउन खटला पोस्ट ऑफिसं बंद करण्यावरूनच उभा राहिला होता. निर्णय घेताना खुल्या मनाने विचार झाला पाहिजे, मागाहून कागद जोडून भागत नाही, हे त्या निकालात स्पष्ट आहे. तो मुद्दा मी अहवालाच्या पहिल्याच पानावर घातला, आणि कमिटीत प्रश्न विचारले गेले ते त्यावरूनच.

ऑफिस बंद झालंच. पण पासवाल्यांना सव्वादहाच्या आधीची भेट द्यायची नाही, हे मान्य झालं. वस्तीतल्या लायब्ररीत आठवड्यातून दोन सकाळी आमचं टेबल लागतं. पाठीसाठीचं ते टेबल नव्या जागी हललं, प्रार्थनेला खोली मिळाली. पावणेतीनवाल्या बायकांपैकी दोघींना वेळ बदलून मिळाली, एकीला नाही. तिने नोकरी सोडली. सहा महिन्यांनी आढावा घ्यायचं लिहून घेतलंय, त्यात तिची गोष्ट पहिली असेल.

आणि एचआरकडे विनंती करणार असाल तर पहिल्याच दिवशी करा, आणि त्यात एका ऑफिसचे नव्हे, संपूर्ण विभागाचे आकडेही मागा. ते सहसा कमी झाकलेले येतात.