विंडोज ९८ रायझनवर: काम कुठवर आलं

जुन्या प्रणाली आजच्या एएमडी रायझन प्रोसेसरवर, आभासी यंत्राशिवाय थेट चालवायचा हा माझा उद्योग. आधी सध्याची स्थिती सांगतो, कारण मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी तेच विचारलंय. फ्रीडॉस (डॉसशी जुळणारी खुली प्रणाली) व्यवस्थित चालतंय, आवाजासकट. विंडोज एक्सपी बसलंय आणि त्रास देत नाही. विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती डेस्कटॉपपर्यंत येते, ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर घेते, गेम चालवते. फक्त डिस्क मधूनच रुसते. का, ते पुढे.

यंत्र तेच आहे: रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम, मागे पीएस/२ चं (कीबोर्ड-माउसच्या जुन्या जोडणीचं) एक जोड-सॉकेट असलेला मदरबोर्ड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बायॉसमध्ये सीएसएम आहे, म्हणजे यूईएफआयच्या (बायॉसच्या जागी आलेल्या, यंत्र सुरू करणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरच्या) पोटात जुन्या बायॉसचं सोंग घेणारा भाग. तो नसता तर ही नोंद लिहिली गेली नसती. ग्राफिक्सला जीफोर्स ६६००, पीसीआय एक्सप्रेसवाली. इतकी जुनी कार्डं आजच्या लांब स्लॉटमध्ये सरळ बसतात आणि चालतात, याचं मला अजून नवल वाटतं. अट एकच: या कार्डात यूईएफआयला समजणारा प्रदर्शनाचा कोड नाही, त्यामुळे सीएसएम बंद केलं की पडदा काळा.

या उद्योगात पडलेल्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. अडचणी दोन प्रकारच्या असतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की निम्मा वैताग वाचतो. पहिल्या प्रकारात जुन्या प्रणालीला हवं ते हार्डवेअर समोर नसतं: पाटा (जुन्या रुंद केबलची) डिस्क नाही, जुन्या धाटणीचा यूएसबी कंट्रोलर नाही. यावर उपाय म्हणजे कार्ड आणा आणि लावा. दुसऱ्या प्रकारात प्रणाली लिहिणाऱ्यांनी काहीतरी गृहीत धरलेलं असतं आणि नव्या प्रोसेसरवर ते गृहीतक कोसळतं. तिथे कितीही कार्डं लावा, उपयोग शून्य. पॅचच, म्हणजे कोडमधली दुरुस्तीच, लागते. माझ्या मते खरी मजा याच दुसऱ्या प्रकारात आहे, म्हणून आज त्यावरच जास्त लिहितो.

वेगाचं प्रकरण सगळ्यांना ऐकून माहीत असतं. विंडोज ९५ मध्ये काही भाग सुरू होताना एक रिकामी लूप दहा लाखांहून जास्त वेळा फिरवतात, किती मिलिसेकंद लागले ते मोजतात आणि त्या आकड्यानं भागाकार करतात. प्रोसेसर इतका वेगवान निघाला की मोजलेला वेळ शून्य भरला, तर शून्यानं भागाकार होतो आणि 'विंडोज प्रोटेक्शन एरर' दाखवून सगळं थांबतं. एएमडीच्या के६-२ मध्ये ती लूपची आज्ञा फार झटपट उरकायची, त्यामुळे ३५० मेगाहर्ट्झलाच हा प्रकार दिसू लागला. नेटवर्कच्या भागातली अशीच चूक पुढे २.१ गिगाहर्ट्झच्या वर बाहेर आली. मी ९८ ची दुसरी आवृत्ती घेतली ती याच कारणानं. हे भूत तिथे नाही.

डॉसमध्ये याचं चुलत भावंड आहे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले जुने प्रोग्रॅम 'रनटाइम एरर २००' देऊन पडतात. तिथे पडदा-कीबोर्ड सांभाळणारं सीआरटी हे तयार युनिट ५५ मिलिसेकंदांच्या एका टिकमध्ये (घड्याळाच्या ठोक्यात) लूप किती वेळा फिरली ते मोजतं आणि त्याला ५५ नं भागतं. उत्तर १६ बिटांत मावलं नाही की भागाकाराची चूक. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरपासूनच हे सुरू झालं होतं, म्हणजे नव्वदच्या दशकातच. त्यामुळे यावरचे पॅच जुने आणि मुरलेले आहेत. प्रोग्रॅमच्या फाइलवर चालवा, मोकळे व्हा.

आता मुख्य विषय. रायझन ३००० मालिकेवर, म्हणजे झेन २ आणि त्यापुढे, विंडोज ९८ न पॅचता बसवलं की इन्स्टॉलेशनच्या मध्येच कुठेतरी मरतं. कधी 'इल्लिगल ऑपरेशन', कधी निळा पडदा, कधी नुसतं गोठणं. दर वेळी वेगळी जागा. रॅमवर संशय जातो, मग कार्डावर, मग डिस्कवर. दोष यांपैकी कशातच नसतो.

प्रोसेसर प्रोग्रॅमच्या आभासी पत्त्यावरून रॅममधला खरा पत्ता काढायला पेज टेबल, म्हणजे पत्त्यांचा तक्ता, वाचतो. ते दर वेळी वाचणं परवडत नाही म्हणून अलीकडची उत्तरं टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात ठेवतो. प्रणालीनं पेज टेबलात बदल केला तर 'तुझ्याकडची ती नोंद आता शिळी झाली' असं प्रोसेसरला सांगायची जबाबदारी प्रणालीची. विंडोज ९८ च्या मेमरी सांभाळणाऱ्या भागात काही ठिकाणी हे सांगायचंच राहून गेलंय. जुन्या प्रोसेसरांचा साठा लहान, नोंदी भराभर बाहेर फेकल्या जायच्या, त्यामुळे शिळी नोंद वापरली जाण्याआधीच नाहीशी व्हायची. चूक होती, पण दिसत नव्हती. नव्या प्रोसेसरांचे साठे मोठे आणि हुशार, ते नोंद धरून ठेवतात. मग विंडोज भलत्याच जागी लिहितं आणि पुढे कोसळतं. इंटेलच्या नव्या पिढ्यांवरही हेच होतं. प्रोसेसर इथे पूर्णपणे नियमाप्रमाणे वागतोय, हे मला या सगळ्यात फार आवडलेलं आहे. नियम मोडणारा विंडोज होता आणि इतकी वर्षं त्याला कोणी पकडलं नव्हतं.

आभासी यंत्रातही हा दोष येतो, कारण प्रोसेसरच्या आभासीकरणाच्या सोयीनं चालणाऱ्या यंत्रात टीएलबी खराच वापरला जातो. 'नुसतं व्हर्च्युअल मशीन का वापरत नाहीस' असं विचारणाऱ्यांना हे उत्तराचा एक भाग म्हणून देतो. ८६बॉक्ससारखा एम्युलेटर मात्र प्रोसेसरही सॉफ्टवेअरमध्ये बनवतो, तिथे हा प्रश्नच नाही. गेम खेळणं एवढाच हेतू असेल तर तोच मार्ग शहाणपणाचा. आमचा हेतू वेगळा आहे, त्याला शहाणपण म्हणा की आणखी काही.

उपाय आहे पॅचरनाइनएक्स. जेएचरोबॉटिक्सनं लिहिलेला, खुला, डॉसमधून चालणारा. वेगाची चूक आणि टीएलबीची चूक दोन्ही तो दुरुस्त करतो. मी तो इन्स्टॉलेशनच्या फाइलींवरच चालवला, म्हणजे सेटअप पहिल्यांदा विंडोज सुरू करतो तेव्हाच दुरुस्त भाग वापरला जातो. त्यानंतर ते सैरभैर कोसळणं थांबलं. अगदी थांबलं.

मग रॅम. १६ जीबी बघून ९८ 'विंडोज सुरू करायला पुरेशी मेमरी नाही' असं म्हणतं, हा या छंदातला सगळ्यात जुना विनोद. कारण मात्र सरळ आहे. व्हीकॅश हा डिस्कच्या कॅशचा (वाचलेला डेटा रॅममध्ये हाताशी ठेवण्याचा) भाग, रॅम जितकी जास्त तितका मोठा कॅश धरून त्यासाठी पत्ते राखून ठेवतो. ते पत्ते येतात प्रणालीसाठीच्या १ जीबीच्या सामाईक प्रदेशातून. रॅम ५१२ एमबीच्या वर गेली की व्हीकॅश एकटाच तो प्रदेश गिळतो, ग्राफिक्स कार्डही तिथेच वाटा मागतं, बाकीच्यांना काही उरत नाही. सिस्टम.आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत व्हीकॅशच्या विभागात 'मॅक्सफाइलकॅश' घालून कॅशला मर्यादा घालायची, आणि ३८६एनहान्स्डच्या विभागात 'मॅक्सफिजपेज' घालून रॅमलाच. ४०००० हा सोळा-आधारी आकडा म्हणजे ४ केबीची पानं धरून बरोबर १ जीबी. मी त्याच्या खालचा ३०००० ठेवलाय, म्हणजे ७६८ एमबी. फाइली उतरवून झाल्यावर सेटअप पहिल्यांदा यंत्र पुन्हा सुरू करतो, तेव्हा डॉसमध्ये उतरून हा बदल करायचा, विंडोज उठायच्या आत. सगळी रॅम दिसायला हवी असेल तर रुडॉल्फ लोव यांचे पॅच आहेत, पण ९८ ला त्याहून जास्त रॅमचं करायचं काय हा माझा प्रश्न कायम आहे.

ग्राफिक्सबद्दल थोडक्यात: ८१.९८ आवृत्तीचा ड्रायव्हर, २५६ एमबीचं कार्ड, पहिल्या फटक्यात चाललं. यापेक्षा मोठ्या मेमरीचं कार्ड ९८ साठी घेऊ नका, वर सांगितलेल्या त्याच पत्त्यांच्या टंचाईमुळे.

कीबोर्ड आणि माउस पीएस/२ वर, दोन तोंडांची केबल लावून. बोर्डावरचे यूएसबी पोर्ट सगळे एक्सएचसीआय या नव्या प्रकारच्या कंट्रोलरचे, ९८ ला ते ओळखीचेच नाहीत. पेनड्राइव्हसाठी जुनं पीसीआय यूएसबी २.० कार्ड, ते बसवायला पीसीआय एक्सप्रेसवरून पीसीआयवर नेणारा पूल. केसमध्ये आता जागा उरलेली नाही.

एक्सपीची गोष्ट लवकर संपते, कारण त्यावर इतक्या लोकांनी इतकं काम केलंय की आपण फक्त त्यांच्या पावलांवर चालायचं. इन्स्टॉलेशन दोन ठिकाणी अडतं. '७बी' निळा पडदा म्हणजे डिस्कच्या एएचसीआय या नव्या पद्धतीच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर एक्सपीकडे नाही. एनलाइट या साधनानं इन्स्टॉलेशनच्या सीडीत युनिएटीए हा ड्रायव्हर घालून ठेवला की सुटतं. 'ए५' म्हणजे बायॉसचे एसीपीआय (हार्डवेअर आणि वीज यांची माहिती प्रणालीला देणारे) तक्ते एक्सपीच्या काळाच्या फार पुढचे आहेत आणि त्याच्या वाचकाला ते पचत नाहीत. त्यासाठी सुधारलेली एसीपीआय.एसवायएस फाइल. डिस्क २ टीबीहून लहान ठेवा, ३२ बिटांच्या एक्सपीला जीपीटी ही डिस्क विभाजनाची नवी पद्धत वाचता येत नाही. एसएसडी असेल तर विभाजन नव्या प्रणालीतून आधीच करून ठेवा, नाहीतर एक्सपी पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो आणि ४ केबीच्या पानांशी त्याची रांग जुळत नाही. नेटवर्क बंद. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, ९८ चा ११ जुलै २००६ ला. ही यंत्रं इंटरनेटवर सोडायची नसतात, एवढं सांगून पुढे जातो.

फ्रीडॉसनं मात्र अपेक्षेपेक्षा जास्त आनंद दिला. इथली अडचण आवाजाची: जुने गेम थेट साउंड ब्लास्टर या जुन्या साउंड कार्डाच्या पोर्टांशी बोलतात, आणि आजच्या बोर्डावर ते पोर्ट, तो डीएमए (प्रोसेसरला वगळून डेटा हलवायची सोय), काहीच नाही. एसबीइम्यू नावाचं सॉफ्टवेअर त्या पोर्टांवर वाचण्या-लिहिण्याचे प्रयत्न मध्येच पकडतं आणि बोर्डावरच्या एचडी ऑडिओमधून आवाज काढतं. त्यासाठी जेम आणि एचडीपीएमआय हे दोन सहाय्यक प्रोग्रॅम आधी लोड करावे लागतात. एफएम (कार्डाच्या चिपनं बनवायचं) संगीतसुद्धा येतं. साधे गेम पटकन चालले, स्वतःची मेमरी व्यवस्था आणणाऱ्या काहींना मात्र हे जमत नाही.

आता रुसलेली डिस्क. बोर्डाचा साटा (डिस्कची आजची जोडणी) फक्त एएचसीआय, म्हणून ९८ साठी पाटा पोर्टवालं कार्ड आणि त्यावर ३२ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड. (९८ चा मूळ ड्रायव्हर १३७ जीबीच्या पुढे डेटा खराब करतो, त्यामुळे लहान डिस्क हाच आराम.) ड्रायव्हर बसतो, काम करतो, मग कधी तरी यंत्र सुरू करताना 'एमएस-डॉस कम्पॅटिबिलिटी मोड' मध्ये जातो. त्या अवस्थेत प्रत्येक वाचन जुन्या बायॉसमार्फत होतं आणि सगळं रांगायला लागतं. आयओएस.एलओजी फाइलीत नोंद उमटते, पण ती फक्त 'कार्डानं उत्तर दिलं नाही' एवढंच सांगते.

माझा कयास इंटरप्टवर आहे, म्हणजे कार्डानं प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या ओळींवर. ९८ जुन्या १६ इंटरप्टांच्याच जगात राहतं, आणि कुठल्या स्लॉटला कोणती ओळ हे सांगणारा जुना तक्ता या बोर्डाच्या बायॉसमध्ये नाही. त्यामुळे ९८ ला ओळी हलवता येत नाहीत, सीएसएमनं सुरुवातीला जे वाटप केलं ते मुकाट्यानं स्वीकारावं लागतं. डॉसमधून तपासलं तर पाटा कार्ड आणि यूएसबीचं कार्ड एकाच ओळीवर आहेत. यूएसबीचं कार्ड काढलं की डिस्क आतापर्यंत एकदाही रुसलेली नाही. याला पुरावा म्हणत नाही, पण दिशा तीच दिसते. स्लॉटांची अदलाबदल करून दोघांना वेगळ्या ओळी मिळतात का हे पाहायचंय, आणि बायॉसमधून ऑनबोर्ड नेटवर्क बंद करून एक ओळ मोकळी होते का तेही.

दुसरं काम बाजूला सुरू केलंय. सीएसएम हळूहळू नाहीसं होतंय. इंटेलनं २०१७ मध्येच २०२० पर्यंत ते काढायचा इरादा सांगितला होता. १६ बिटांचा बराचसा वारसा प्रोसेसरमधूनच वगळायचा एक्स८६एस हा त्यांचा २०२३ चा प्रस्ताव मात्र डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, म्हणजे प्रोसेसर अजून आपल्या बाजूनं आहे, अडतंय ते बायॉसवर. तिथे सीएसएमरॅप नावाचा प्रकल्प उपयोगी पडेल असं दिसतं: तो यूईएफआयचा प्रोग्रॅम म्हणून सुरू होतो, सीबायॉस हा खुला बायॉस लोड करतो आणि जुन्या प्रणालीला हवा तो बायॉस समोर उभा करतो. सीएसएम अजिबात नसलेल्या एका लॅपटॉपवर त्यानं फ्रीडॉस सुरू झालं. कीबोर्ड चालतो, यूएसबी डिस्क दिसते. पुढच्या नोंदीत त्याच लॅपटॉपवर एक्सपी. ९८ तिथे नेण्याआधी इंटरप्टचा हा गुंता सुटायला हवा. कोणाच्या बोर्डाच्या बायॉसमध्ये तो जुना इंटरप्टचा तक्ता अजून सापडत असेल तर बोर्डाचा चिपसेट कळवा, मला तुलना करायचीय.