पायलट झालेली जनता

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी बुधवार पाळते, कारण रविवारची गर्दी हौशी लोकांची असते आणि विक्रेतेही त्यांच्याकडे बघूनच भाव सांगतात. जुन्या वस्तू निवडून आणणे, त्यांची माहिती शोधून काढणे आणि छायाचित्रांसह त्या इंटरनेटवर विकायला ठेवणे हा गेली सहा वर्षे माझा व्यवसाय आहे. ऐकणाऱ्यांना यातला बाजारात हिंडण्याचा भाग रंजक वाटतो. प्रत्यक्षात एका वस्तूमागे बाजारात दहा मिनिटे जातात आणि घरी टेबलापाशी दोन-तीन तास. वस्तू काय आहे, कधीची आहे, तिच्यातले काय मूळचे आहे आणि काय मागाहून बसवलेले आहे, हे चार ओळींत खरे लिहिता आले नाही, तर ती वस्तू कितीही देखणी असली तरी माझ्या उपयोगाची नसते. हे मी ठेच लागून शिकले. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी मी काळ्या डायलचे, एचएमटी कंपनीचे ‘पायलट’ नावाचे एक मनगटी घड्याळ ‘मूळ स्थितीतील’ असे लिहून विकले होते. घेणारे गृहस्थ जाणकार निघाले. त्यांनी घड्याळ परत पाठवले आणि सोबत डायलची पाच मोठी छायाचित्रे पाठवली. प्रत्येकावर लाल गोल काढून माझी एकेक चूक दाखवलेली होती. एकही वावगा शब्द त्यांनी वापरला नव्हता, त्यामुळे ते अधिकच लागले.

त्यानंतर घड्याळांच्या वाटेला मी जपूनच जात असे. पण गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीच्या एका बुधवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, निळ्या ताडपत्रीवर कुलपे आणि पितळी कड्या मांडून बसलेल्या एका विक्रेत्याने साबणाच्या डबीतून तीन घड्याळे काढून माझ्यापुढे धरली. “भवानी करायची आहे, ताई, तिन्ही घेऊन टाका,” असे म्हणून त्याने अठराशे सांगितले आणि बाराशेला दिली. घर रिकामे करणाऱ्यांकडून आलेला माल होता, एवढेच त्याला ठाऊक होते.

तिघांपैकी पहिले होते एचएमटीचेच ‘जनता’ नावाचे घड्याळ: डायल पिवळी पडलेली, चारच्या आकड्यापाशी पाण्याचा तपकिरी डाग, आणि झाकणावर पाठीमागे पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल दिल्याचा कोरीव मजकूर. दुसरे एचएमटी पायलट, काळेभोर आणि नव्यासारखे. तिसरे सेको या जपानी कंपनीचे ‘सेको फाइव्ह’, ज्याची डायल झेंडूच्या फुलासारखी भगवी होती. बाजारातल्या कोणाही माणसाने या तिघांतून जनता बाजूला ठेवून उरलेली दोन उचलली असती. मला मात्र ती दोनच संशयास्पद वाटत होती.

सेकोचा निकाल लवकर लागला. या कंपनीच्या त्या काळच्या घड्याळांच्या झाकणावर सहा स्थानांचा अनुक्रमांक असतो. त्यातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरे स्थान महिन्याचे, ज्यात नोव्हेंबर आणि डिसेंबरसाठी इंग्रजी अक्षरे वापरलेली असतात. दशक मात्र त्यावरून कळत नाही. ते आत कोणते मशीन आहे यावरून ठरवावे लागते. माझ्या घड्याळाचा पहिला अंक १ होता आणि आत ७००९ हे मशीन होते, म्हणजे १९७१ हे वर्ष बाद झाले आणि १९८१ किंवा १९९१ उरले. पण एवढ्या तपासाची गरजच नव्हती, कारण डायलच्या खालच्या कडेला जो बारीक क्रमांक छापलेला असायला हवा, तो तिथे नव्हताच. डायल अलीकडे रंगवलेली होती. चार घड्याळांचे भाग एकत्र करून, वर भडक रंगाची डायल बसवून जुन्या सेकोच्या नावाने परदेशात विकल्या जाणाऱ्या अशा घड्याळांना तिकडचे संग्राहक उपहासाने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्याकडच्या शहराचे नाव अशा कामासाठी प्रसिद्ध व्हावे याचा मला राग येतो. परंतु ते नाव उगाच पडलेले नाही.

पायलटला वेळ लागला. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढची काही दशके लग्नात जावयाला, दहावी झालेल्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या कारकुनाला हेच घड्याळ मिळत गेले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळे बनवणारी एचएमटीची उपकंपनी बंद करण्याचा निर्णय घेतल्यावर या घड्याळांच्या मागे संग्राहक लागले. काळ्या डायलच्या पायलटवर त्यांचा विशेष डोळा असतो, आणि म्हणूनच नकलाही त्याच्याच सर्वांत जास्त होतात. जनता आणि पायलट ही दोन्ही चावीची, सतरा ज्वेलची (म्हणजे मशीनमध्ये झीज कमी करायला बसवलेल्या सतरा खड्यांची) घड्याळे. तेव्हा नुसत्या मशीनवरून फरक सांगता येत नाही. सगळा निवाडा डायलवर येऊन ठरतो.

मी डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळजींचे भिंग, लावून डायल पाहिली. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या मध्याशी जुळत नव्हत्या, अक्षरांची जाडी जागोजागी बदलत होती आणि ‘ज्वेल्स’ या इंग्रजी शब्दातल्या डब्ल्यूचा मधला पाय तुटलेला होता. माझ्या जुन्या खरेदीदाराने लाल गोल काढून शिकवलेले सगळे दोष तिथे हजर होते. तरीही काहीतरी वेगळे होते. हल्लीच्या रंगकामात जी काचेसारखी चकाकी असते, ती इथे नव्हती; रंग जुना होऊन मंदावला होता आणि त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. टेबलावरचा दिवा आडवा करून प्रकाश तिरका पाडला, तेव्हा काळ्या रंगाखाली दुसऱ्या छपाईचा उठाव दिसला आणि बराच वेळ घड्याळ फिरवल्यावर इंग्रजीतल्या ‘जनता’ या शब्दाची शेवटची तीन अक्षरे वाचता आली. म्हणजे हे घड्याळ जन्माने जनता होते. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडून केलेल्या तीन खुणा होत्या. दोन वाचता येत नव्हत्या आणि तिसरी होती ‘ग ८-८३’. घड्याळजी सर्व्हिसिंग केल्यावर अशी खूण करून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले तर काम आपले की दुसऱ्याचे आणि कधीचे, हे लगेच कळते. मी तिचेही छायाचित्र काढले, पण त्यावर फारसा विचार केला नाही.

दुपारी तिन्ही घड्याळे घेऊन मी कसबा पेठेत एका जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजींकडे गेले. त्यांच्याकडे मी चार वर्षे काम देते आणि त्यांना काका म्हणते. त्यांचे वय सत्तरीला टेकलेले आहे, पण हात स्थिर आहे. त्यांनी सेको उघडले, भगव्या डायलकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता ते बाजूला सरकवले. मग पायलटचे झाकण काढले. आयग्लास डोळ्याला तसाच ठेवून ते नेहमीपेक्षा बराच वेळ झाकणाकडे बघत राहिले, म्हणून मी विचारले, “काय झाले, काका?”

“ही खूण माझी आहे,” ते म्हणाले. “डायल दाखवा बरं.” आणि डायल पाहताक्षणी म्हणाले, “हा डब्ल्यू मोडलेला ठसा माझाच. बरीच वर्षं वापरला.”

सहा वर्षांत हजारभर वस्तू माझ्या हातून गेल्या असतील. त्यांपैकी एखादी वस्तू ज्याने घडवली, दुरुस्त केली किंवा बिघडवली, असा माणूस माझ्यासमोर बसलेला आहे, हे पहिल्यांदाच घडत होते. साहजिकच मी प्रश्नांचा भडिमार केला. घड्याळ कोणाचे होते, हे त्यांना आठवत नव्हते, आणि तसे ते आठवणे शक्यही नव्हते. १९८३ साली ते वडिलांच्या हाताखाली काम करत होते आणि महिन्याला अशी दहा-पंधरा घड्याळे दुकानात येत. पण काम कसे होई, ते त्यांनी नीट सांगितले. पुण्याचा पावसाळा आणि मनगटाचा घाम यांनी पांढऱ्या डायलवर डाग पडत. कंपनीची सुटी डायल वेळेवर मिळत नसे. मग डायल काढून तिच्यावर फवाऱ्याने रंग मारायचा आणि वर ठशाने आकडे व नाव उमटवायचे. पांढरा रंग मारला तर डाग काही महिन्यांत पुन्हा वर येई, म्हणून गिऱ्हाइकाला काळा सुचवला जाई. आणि काळ्यावर उमटवायचा, पांढऱ्या शाईचा ठसा त्यांच्याकडे एकच होता, तो पायलटचा.

जनताची पायलट झाली ती अशी. यात कोणी कोणाला फसवले नव्हते. गिऱ्हाइकाला डाग नको होता आणि दुकानात दुसरा ठसा नव्हता. ज्या दोषांना मी इतकी वर्षे लबाडीची लक्षणे समजत आले होते, त्यांच्यामागे एका घड्याळाच्या बाबतीत तरी एवढेच कारण निघाले. काकांना मी संग्राहकांचे म्हणणे सांगितले, की डायलला रंग लावला की घड्याळाचे मोल निम्म्याहून खाली येते. त्यांना ते पटले नाही. “भांड्याला कल्हई केली म्हणून भांडं खोटं होतं का?” त्यांनी विचारले. मी म्हटले, कल्हई केलेले पितळेचे पातेले कोणी चांदीचे म्हणून विकत नाही. त्यावर ते हसले आणि बाजूला सरकवलेल्या सेकोकडे बोट दाखवून म्हणाले, “विकणारे हे विकतात. मला त्यांच्यात धरू नका.”

त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण अर्धेच. रंग कोणत्या हेतूने लावला, हे डायलवर लिहिलेले नसते. ते घड्याळ तीन हात बदलले, की दुरुस्ती आणि नक्कल एकमेकींसारखीच दिसू लागतात. त्या वेळी दोहोंत फरक राहतो तो विकणाऱ्याने लिहिलेल्या वर्णनापुरता, आणि ते वर्णन माझ्यासारख्यांनी लिहायचे असते.

त्या रात्री ते वर्णन लिहायला मला दीड तास लागला. शीर्षकात ‘पायलट’ लिहिले तर ते असत्य ठरत होते आणि नुसते ‘जनता’ लिहिले तर छायाचित्र पाहणाऱ्याला मीच गोंधळलेली वाटले असते. शेवटी मी लिहिले: ‘एचएमटी जनता, १९८३ मध्ये पुण्यातील घड्याळजींनी रंगवलेली पायलटची डायल.’ खाली तिरक्या प्रकाशातले छायाचित्र, मोडक्या डब्ल्यूचे छायाचित्र आणि झाकणाच्या आतल्या खुणेचे छायाचित्र दिले. डायल मूळची नाही हे वाक्य पहिल्याच ओळीत ठेवले, कारण शेवटच्या ओळीपर्यंत फारच थोडे लोक जातात. किंमत ठरवताना इतर विक्रेते काय मागत आहेत, हे मी पाहत नाही. मागायला कोणी काहीही मागतो. ईबेसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वेगळे पाहता येतात, तेवढेच मी धरते. रंगवलेल्या डायलची घड्याळे हजार-बाराशेच्या पुढे जात नव्हती. मी दोन हजार लावले आणि वाट पाहायचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी काकांना मजकूर वाचून दाखवला. आपले नाव नको, एवढे त्यांनी आधीच सांगितले होते. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: ‘काम स्वच्छ आहे’ असे लिहावे. मोडक्या ठशाचे छायाचित्र शेजारीच असताना असे लिहिणे मला धाडसाचे वाटले. पण चाळीस वर्षांनंतरही रंग सुटलेला नव्हता, हे तर खरेच होते. मी ‘रंगकाम टिकाऊ’ असे लिहिले. त्यावर आमची तडजोड झाली.

नऊ दिवसांनी ते घड्याळ बेंगळुरूच्या एका खरेदीदाराने पूर्ण किमतीला घेतले. त्याने एकच प्रश्न विचारला होता, तो खुणेबद्दल. सेकोचे मशीन चांगले होते, म्हणून ते मी सर्व्हिसिंगच्या बदल्यात काकांनाच देऊन टाकले. भगवी डायल त्यांनी काढून टाकली.

उरली डाग पडलेली, पाठीवर कोरलेली जनता. तिच्यात सगळे मूळचे आहे: डायल, काटे, चावी, अगदी कोरीव मजकूरसुद्धा. ऑइलिंग करून परत देताना काकांनी डागावर बोट ठेवून विचारले, “ही काळी करून देऊ का? ठसा आहे अजून.” मी नको म्हटले. त्यांनी मान हलवून साडेतीनशे रुपये घेतले. कोरीव मजकुरातले नाव झाकलेले छायाचित्र लावून मी ती त्याच आठवड्यात विकायला ठेवली. ‘डाग निघू शकेल का’ असे विचारणारे अकरा संदेश आजवर आले आहेत. ती अजून विकली गेलेली नाही.